विंडोजचा ऑफलाइन स्कॅन: झेरॉक्सच्या दुकानातल्या वर्मवर कितपत चालतो?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या डीटीपी आणि झेरॉक्सच्या दुकानांत एकाच संगणकावर मराठी लग्नपत्रिका, कन्नडमधले सरकारी अर्ज आणि चंदगड-गडहिंग्लजकडून आलेल्या गिऱ्हाइकाची दुरुस्त फाइल अशी सगळी कामे चालतात. त्यामुळे पेन ड्राइव्हवरून पसरणाऱ्या वर्मला, म्हणजे स्वतःच्या प्रती पसरवणाऱ्या घातक प्रोग्रामला, तिथे आयतीच वाट मिळते. मूळ फोल्डर लपवून त्याच नावाचे शॉर्टकट समोर ठेवणारा वर्म तर बहुतेक दुकानदारांच्या परिचयाचा आहे. खानापुरातल्या ओळखीच्या एका दुकानात अशाच बाधित संगणकावर मायक्रोसॉफ्ट डिफेंडर या विंडोजमधल्याच अँटिव्हायरसचा ऑफलाइन स्कॅन वापरून पाहिला. ही सोय विंडोज १० आणि ११ मध्ये मुळातच असते, तिचे वेगळे पैसे पडत नाहीत.

साधा व्हायरस दुसऱ्या फाइलला चिकटतो आणि ती उघडली की चालू होतो. वर्म हा स्वतंत्र प्रोग्राम असतो आणि नेटवर्कवरून किंवा पेन ड्राइव्हवरून स्वतःच्या प्रती स्वतःच पाठवतो. विंडोज चालू असताना तोही चालूच असतो, म्हणून एक फाइल पुसली की तो ती पुन्हा तयार करू शकतो. २००८ साली पसरलेला कॉन्फिकर हा वर्म तर अँटिव्हायरस कंपन्यांची संकेतस्थळेच उघडू देत नसे, म्हणजे बाधित संगणकावर औषध उतरवून घेण्याची सोयही उरत नसे. ऑफलाइन स्कॅनचे खरे मोल इथेच आहे. तो संगणक रीस्टार्ट करतो आणि नेहमीचे विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी करतो, त्यामुळे वर्मला प्रतिकाराची संधी मिळत नाही. तपासणीला साधारण पंधरा मिनिटे लागतात. पावसाळ्यात वीज जाण्याचा भरवसा नसल्याने यूपीएस मात्र असावा.

त्याआधी बाधित संगणकाची लॅन केबल काढून तो दुकानातल्या इतर संगणकांपासून तोडावा, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून डिफेंडर अद्ययावत करावा आणि मगच ‘विंडोज सिक्युरिटी’मधल्या ‘स्कॅन ऑप्शन्स’मध्ये जाऊन ऑफलाइन स्कॅन निवडावा. उघड्या फाइल्स आधी सेव्ह कराव्यात, कारण रीस्टार्टमध्ये अर्धवट काम जाते.

उणिवाही आहेत. तपासणीत कोणता फोल्डर घ्यावा हे निवडता येत नाही, आणि निकाल ‘प्रोटेक्शन हिस्टरी’मध्ये असल्यामुळे नवख्याला काही सापडले की नाही तेच कळत नाही. सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे वर्म गेल्यावरही लपवलेले फोल्डर लपलेलेच राहतात. इथेच पुष्कळ जण डेटा गेला असे समजून पेन ड्राइव्ह फॉरमॅट करतात, आणि काही दुरुस्तीवालेही तोच सल्ला देतात, हे मला मान्य नाही. फाइल्स जागेवरच असतात; कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘अॅट्रिब’ आज्ञेने त्यांच्यावरची ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ ही खूण काढली की त्या दिसू लागतात. शॉर्टकट मात्र डबल क्लिक न करता पुसावेत.

यानंतर पूर्ण स्कॅन करावा आणि दुकानातला प्रत्येक पेन ड्राइव्ह, गिऱ्हाइकाचा विसरून राहिलेलासुद्धा, स्वतंत्रपणे तपासावा. एक सुटला तरी वर्म परत येतो, आणि तेव्हा दोष स्कॅनला देण्यात अर्थ नसतो.

शिवाय वर्म ज्या त्रुटीतून शिरतो ती हा स्कॅन बुजवत नाही. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा वर्म ज्या त्रुटीतून पसरला तिचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी अपडेट घेतले नव्हते ते सापडले. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. ज्या दुकानात अजून तेच चालते, तिथे स्कॅन फुकट असला तरी वाढीव मुदतीचे अपडेट किंवा विंडोज ११ यांतले एक घ्यावेच लागेल.