जमिनीखालचा इन्सुलेटेड गरम पाण्याचा पाइप आणि त्याची फिटिंग: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

क्लबहाऊसच्या गच्चीवर हीट पंप आणि साठवण टाकी, तिथून आवाराच्या जमिनीखालून दोन विंगांना गरम पाणी. मुलुंडमधल्या तळमजला अधिक सात मजल्यांच्या सोसायटीत ही व्यवस्था फेब्रुवारीपासून सुरू आहे आणि मध्ये एक पूर्ण पावसाळा गेला आहे. पुरवठ्याला 40 मिमीचा, रिटर्नला (पाणी टाकीकडे परत आणणाऱ्या लाइनीला) 25 मिमीचा पीई-एक्सए पाइप, म्हणजे क्रॉसलिंक केलेल्या पॉलिथिलीनचा (पीई-एक्स) एक प्रकार. प्रत्येकावर फोमचे थर आणि बाहेरून नालीदार काळं एचडीपीई जॅकेट. क्लबहाऊसपासून चेंबरपर्यंत 15 मीटर आणि चेंबरमधल्या टी-पासून (तीन तोंडांच्या जोडापासून) प्रत्येक विंगेपर्यंत 25 मीटर. म्हणजे दोन्ही लाइनी धरून 130 मीटर पाइप, 12 टोकं आणि 2 टी. पाइपाबद्दल आजपर्यंत एकही तक्रार नाही. जे काही बिनसलं ते या 12 टोकांपैकीच कुठेतरी बिनसलं, त्यामुळे इथे फिटिंगबद्दलच जास्त लिहिलं आहे.

खरेदीत सगळ्यात मोठी फसगत मापाची होते. बाहेरून 32 मिमी असलेला पीई-एक्स पाइप दोन जाडींत मिळतो. हीटिंगसाठीचा 32×2.9, दाब 6 बार, आतला व्यास 26.2 मिमी. वापराच्या गरम पाण्यासाठीचा 32×4.4, दाब 10 बार, आतला व्यास 23.2 मिमी. बाहेरचं माप तेच असल्यामुळे दुकानदार 'बत्तीसची फिटिंग' म्हणून काहीही हातात ठेवतो. फिटिंगचा नळीत शिरणारा भाग आतल्या मापाचा असतो. तीन मिलिमीटरचा फरक कितीही आवळून भरून निघत नाही. 40 मिमीतही तेच: 40×3.7 आणि 40×5.5. ऑर्डरवर बाहेरचा व्यास आणि जाडी दोन्ही लिहाव्यात. ऑनलाइन मिळणाऱ्या अमेरिकन एक इंची पीईएक्स फिटिंगकडे वळूच नये. तिकडच्या एक इंची पाइपाचा बाहेरचा व्यास 28.6 मिमी असतो, तो आपल्या कुठल्याच मेट्रिक मापाशी जुळत नाही.

हीटिंगच्या पाइपावर ऑक्सिजन आत शिरू नये म्हणून ईव्हीओएचचा थर असतो. बंद सर्किटमधलं लोखंड गंजू नये, हा त्याचा हेतू. मुंबईत खोल्या तापवायच्या नसतात, पाणी थेट नळाला जातं, त्यामुळे इथे जाड भिंतीचा, पिण्याच्या पाण्यासाठी मान्य असलेला पाइपच हवा. दाबाचा विचार आलाच: दर 10 मीटर उंचीला साधारण 1 बार. सात मजल्यांना प्रेशर पंप 4 बारवर पुरतो, पण वीस मजली टॉवर असेल तर नुसत्या उंचीचेच 6 बार होतात आणि पातळ भिंतीचा पाइप तिथेच बाद होतो.

आता फिटिंगचे प्रकार. पाइप फाकवून त्यावर रिंग आकसू देणारी पद्धत उत्तम, पण ती पीई-एक्सए जातीलाच चालते आणि 40 मिमीला मोठं फाकवणी यंत्र लागतं. स्लीव्ह सरकवून दाबायच्या पद्धतीला त्या-त्या कंपनीचंच हत्यार लागतं. उपोनॉर, रेहाऊ, ब्रुग यांच्या पद्धती एकमेकींत मिसळत नाहीत, हे कोटेशन घेतानाच लक्षात ठेवावं. चेंबरसारख्या अडचणीच्या जागेत, पाना आणि ॲलन कीवर काम भागवायचं असेल तर बोल्टने आवळायची पितळी कॉम्प्रेशन फिटिंग सोयीची. इथे तीच वापरली आहे. पितळ डीझेडआर जातीचं, म्हणजे जस्त न झिजणारं असावं; अंगावर 'डीझेडआर' किंवा 'सीआर' असा ठसा असतो. साध्या पितळातलं जस्त गरम, क्लोराइडयुक्त पाण्यात झिजत जातं आणि उरतं ते ठिसूळ, सच्छिद्र तांबं. तलावाचं पाणी मऊ असल्यामुळे मुंबईत क्षाराचे थर फारसे बसत नाहीत. मात्र उन्हाळ्यात टँकर किंवा बोअरचं पाणी मिसळणाऱ्या सोसायट्यांनी या ठशाबाबत अजिबात तडजोड करू नये.

जोड करायचा क्रम असा. आधी एंड कॅप (जॅकेटचं कापलेलं टोक बंद करणारी टोपी) आणि तिचा क्लॅम्प जॅकेटवर चढवून मागे सरकवून ठेवायचा. फिटिंग बसल्यावर कॅप वरून जात नाही. घाईत हेच राहून जातं आणि मग आवळलेला जोड पुन्हा सोडावा लागतो. त्यानंतर जॅकेट टोकापासून 15 ते 20 सेंमीवर, नालीच्या खोलगट भागात गोल कापायचं. हेक्सॉचं पातं आतल्या पाइपाला टेकता कामा नये. पाइपावर लांबीच्या दिशेने ओरखडा गेला तर फिटिंगची ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) त्यावर कधीच धरत नाही. तेवढा तुकडा कापून टाकणं हाच उपाय. आतला पाइप चाकाच्या कटरने काटकोनात कापायचा, आतल्या-बाहेरच्या कडा साफ करायच्या. कॉइलमधून आलेलं टोक बहुतेक वेळा थोडं चपटं असतं. हॉट एअर गनने हलकं तापवून गोल करता येतं, ज्योत मात्र लावायची नाही.

मग बोल्टचा पट्टा पाइपावर चढवायचा आणि फिटिंगचं नळकांडं खांद्याला टेकेपर्यंत आत ढकलायचं. पट्ट्याची आतली कड फिटिंगच्या खाचेत बसली आहे ना, हे बोट फिरवून पाहायचं. डोळ्यांना पट्टा सरळ दिसतो, पण एका बाजूने केसभर तिरका असला तरी बोटाला पायरी लागते. बोल्टाच्या आट्यांना वंगण लावून हळूहळू आवळायचं. पट्ट्याची दोन्ही टोकं एकमेकांना भिडायला आली की थांबायचं, किमान अर्धा तास जाऊ द्यायचा आणि पुन्हा आवळायचं. हा अर्धा तास फार मोलाचा. पीई-एक्स दाबाखाली सावकाश बसत जातं, त्यामुळे पहिल्या आवळण्यातला ताण थोड्याच वेळात कमी होतो. संध्याकाळी काम उरकून निघून जाणारा प्लंबर दुसऱ्या फेरीला टाळाटाळ करतो, म्हणून सोसायटीकडून कोणीतरी समोर उभं राहिलेलं बरं. आवळलेल्या प्रत्येक बोल्टावर मार्करने रेघ मारून घेतली की कुठला राहिला ते कळतं.

आट्यांच्या बाजूला ओ-रिंग असेल तर टेफ्लॉन टेप गुंडाळू नये. टेपमुळे ओ-रिंग बैठकीवर नीट टेकतच नाही. विंगेत शिरल्यावर पुढची लाइन सीपीव्हीसीची (गरम पाण्याच्या कडक प्लास्टिक पाइपाची) असते. तिथे पितळी इन्सर्ट असलेलाच अडॅप्टर घ्यावा. नुसत्या प्लास्टिकच्या आतल्या आट्यांत पितळी नर फिटिंग आवळली की काही महिन्यांत उभी चीर पडते. तेलकट सीलिंग पेस्टही सीपीव्हीसीला मारक आहे, टेफ्लॉन टेप पुरते. भिंतीतून आत येताच पाइपाला पक्का ब्रॅकेट हवा. जमिनीत रेतीच्या पकडीमुळे पाइप फारसा सरकत नाही, पण उघड्या भागात पीई-एक्स मीटरमागे, दर अंशाला जवळपास 0.2 मिमी वाढतं. ब्रॅकेट नसेल तर ही सगळी ढकल सीपीव्हीसीच्या एल्बोवर येते.

प्रेशर टेस्ट जोडांवर इन्सुलेशन चढवायच्या आधी आणि चर बुजवायच्या आधी. चालू दाबाच्या दीडपट, म्हणजे इथे 6 बार. पाइप ताणला जातो, त्यामुळे काटा सुरुवातीला खाली येणारच. पहिल्या अर्ध्या तासात दोनदा दाब पुन्हा वर न्यायचा, पुढच्या अर्ध्या तासात 0.6 बारहून जास्त पडू नये, आणि त्यानंतरच्या दोन तासांत 0.2 बारहून जास्त पडू नये. टेस्ट पहाटे करावी. उघड्या चरातल्या काळ्या जॅकेटवर मुंबईचं ऊन पडलं की पाण्याचं तापमान बदलतं आणि दाबही त्याच्यासोबत हलतो. मग गळती आहे की ऊन, याचा वाद दिवसभर चालतो. उन्हाचा एक फायदाही आहे: दुपारी कॉइल उलगडायला खूप हलकी जाते.

खरी परीक्षा जुलैत झाली. बी विंगेकडच्या 25 मीटरमध्ये तापमान जास्त पडायला लागलं. पाणी गळत नव्हतं, दाब जागेवर होता. चेंबर उघडल्यावर कारण समोर आलं. पावसाचं पाणी चेंबरमध्ये साचून पुरवठ्याच्या लाइनीच्या रबरी एंड कॅपच्या वर चढलं होतं, आणि त्या कॅपचा क्लॅम्प जॅकेटच्या नालीच्या खोलात बसण्याऐवजी उंचवट्यावर आडवा बसवलेला होता. त्या फटीतून पाणी आत शिरलं. अशा पाइपात फोमचे थर आतल्या नळीला चिकटवलेले नसतात, त्यामुळे एका टोकाला शिरलेलं पाणी थरांमधून सरकत दुसऱ्या टोकाकडे जातं. पीयूआर (पॉलियुरेथेन) फोम चिकटून भरलेल्या पाइपात ते जागच्या जागी अडकतं. आपल्याकडच्या पावसात हा गुण मोठा आहे, पण तो पाइप वाकवायला कडक आणि किमतीलाही जास्त.

दुरुस्ती अशी केली. सखल टोकाची कॅप काढून पाणी निथळू दिलं, लाइन गरमच ठेवली. चेंबरमधल्या सगळ्या कॅप बदलून आतून मॅस्टिक (चिकट सीलंट) असलेल्या हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आकसणाऱ्या, कॅप लावल्या. अखंड श्रिंक कॅप जोड झाल्यावर वरून चढत नाही, म्हणून जोड सोडून पुन्हा करावे लागले. सुरुवातीलाच हीच कॅप घेतली असती तर हा खर्च टळला असता. श्रिंक लावताना जॅकेट खरखरीत पॉलिश पेपरने घासायचं, स्पिरिटने पुसायचं, पूर्ण कोरडं करायचं आणि मऊ ज्योतीने आधी जॅकेट कोमट करून मग कॅप आकसवायची. कडेने मॅस्टिकची बारीक ओळ चहूबाजूंनी बाहेर दिसली तरच ती बसली. भर पावसात ताडपत्रीखाली हे काम करू नये, हवेतला ओलावाच जॅकेटवर धरतो. चेंबरच्या तळाला खड्डा करून आपोआप चालणारा छोटा सबमर्सिबल पंपही बसवला. नवीन काम असेल तर पाइप चेंबरच्या तळापासून किमान 30 सेंमी वर आत घ्यावेत.

इन्सुलेशन भिजलं आहे का, हे खणल्याशिवाय कळतं. रात्री दोन-तीन वाजता, नळ बंद असताना, सर्क्युलेशन पंप चालू ठेवून पुरवठ्याच्या लाइनीच्या दोन्ही टोकांना क्लॅम्प थर्मामीटर लावायचे. आधी दोन्ही एकाच जागी लावून सारखं दाखवतात का ते पाहायचं. पाणी 55 अंश, जमीन सत्तावीस-अठ्ठावीस अंश धरली तर कोरड्या 40 मिमी पाइपातून मीटरमागे सहा-सात वॅट जातात. ताशी 600 लिटर प्रवाहाला 25 मीटरमध्ये पाव अंशाच्या आसपास फरक यायला हवा. फोम पुरता भिजला तर मीटरमागे चाळीस-पन्नास वॅट जातात आणि तोच फरक दीड अंशावर जातो. एवढ्याशा लांबीतून किलोवॅटभर उष्णता चोवीस तास जमिनीत जाते, म्हणजे हीट पंपाचे दिवसाला साधारण आठ युनिट वाया. जुलैत इथे 0.9 अंश फरक होता, दुरुस्तीनंतर ऑक्टोबरपर्यंत 0.3 वर आला. ए विंगेकडे तो पूर्ण पावसाळाभर 0.3 च्या आतच राहिला, म्हणजे पाइप चांगलाच आहे.

टी-वरचं दोन अर्ध्या कवचांचं इन्सुलेशन किट समाधानकारक निघालं. दोन्ही कवचांमधल्या खाचेत सीलंट सलग, न तुटता भरायचं, स्क्रू समोरासमोरचे आवळत जायचं आणि फोम भरताना हवेचं भोक उघडं ठेवायचं. ते बंद राहिलं तर वरच्या बाजूला पोकळी उरते.

चर 80 सेंमी खोल, पाइपाखाली आणि वर 10-10 सेंमी चाळलेली रेती किंवा क्रश सँड, मग मुरूम, मध्ये इशाऱ्याची पट्टी. डबराचे टोकदार तुकडे असलेला भराव जॅकेटला सरळ लावू नये. भिंतीच्या भोकाभोवती रबरी लिंक सील आणि बाहेरून सिमेंटचा गिलावा हवाच, कारण भुसभुशीत रेतीतून घुशी पाइपाच्या कडेने थेट भिंतीपर्यंत बीळ काढतात आणि उघडा फोम दिसला की कुरतडतात.

नव्याने काम करणाऱ्यांनी 12 टोकांसाठी 12 कॉम्प्रेशन फिटिंग घ्याव्यात आणि प्रत्येक मापाची एक-एक जादा ठेवावी, श्रिंक कॅप 14, ओ-रिंगचा एक जादा संच आणि 40 मिमी पाइपाचा दोन मीटर तुकडा दोन्ही टोकं झाकून सावलीत ठेवावा. उन्हात पडलेला पीई-एक्स खराब होतो. चेंबरमधले बोल्ट मेअखेरीस, पाऊस लागायच्या आत, एकदा तपासावेत आणि रात्रीचं तापमान त्याच दिवशी नोंदवून ठेवावं, म्हणजे जुलैतल्या आकड्याशी ताडून पाहता येतं.