बढतीच्या ध्येयांसाठी गूगल शीट्स: नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीतल्या सुपरवायझरला कितपत पुरतं?

केआरए (वर्षभराच्या कामाची ठरलेली ध्येयं) एप्रिलमध्ये भरायचे आणि थेट अप्रेझलच्या आठवड्यात उघडायचे, ही कारखान्यातली सवय मोडायला फुकटातलं गूगल शीट्स पुरतं. अडचण एवढीच की ते कोरं उघडतं. रकाने कोणते हवेत हे ते सांगत नाही, मग त्याची नुसती कामांची यादी होते आणि अशा यादीवर कोणी ग्रेड वाढवत नाही.

रकाने सात पुरे: ध्येय, सुरुवातीचा आकडा, गाठायचा आकडा, मुदत, आजचा आकडा, पुरावा, साहेबांचा शेरा. सगळा जीव दुसऱ्या रकान्यात आहे. तिथे जानेवारी ते मार्चची सरासरी टाका. एकाच महिन्याचा आकडा धरला आणि नेमका त्या महिन्यात खराब कास्टिंगचा लॉट आलेला असला, तर पुढची सुधारणा फुगलेली दिसते. क्वालिटीवाले ते मीटिंगमध्येच दाखवून देतात.

प्रगतीची टक्केवारी काढताना हमखास घोळ होतो. रिजेक्शन (नापास ठरलेले पार्ट) 2.4 टक्क्यांवरून 1.2 वर आणायचंय आणि आज ते 1.8 आहे, असं समजा. आजच्या आकड्याला लक्ष्याने भागलं तर उत्तर येतं 150 टक्के, म्हणजे जिंकलोच! खरं काम झालंय निम्मं. सूत्र असं लिहा: =(B2-E2)/(B2-C2). यात B सुरुवातीचा, C गाठायचा आणि E आजचा आकडा. वाढवायच्या आकड्यालाही हेच चालतं. मशीनचा वापर 60 वरून 80 वर न्यायचा असेल आणि आज 70 असेल, तरी उत्तर 50 टक्केच.

तारखेचे दोन सापळे आहेत. शीटचं लोकेल (देशाची सेटिंग) अमेरिकेचं राहिलं तर 05/04 म्हणजे 5 एप्रिल न राहता 4 मे होतो. संगणकावर फाइल मेन्यूतल्या सेटिंग्जमध्ये भारत निवडा. नोंदीच्या तारखेला TODAY() वापरू नका, ती रोज बदलते. कंट्रोल आणि अर्धविराम दाबला की आजची तारीख कायमची बसते. मुदती ठरवताना ऑगस्ट-सप्टेंबर 2027 मधल्या नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या पर्वण्या (मुख्य स्नानाचे दिवस) लक्षात असू द्या. त्या दिवसांत हजेरी आणि मालाच्या गाड्या अडखळणार हे धरूनच चला.

सगळ्यात उपयोगी पडते ती व्हर्जन हिस्ट्री, म्हणजे शीटमध्ये कधी काय बदललं याची नोंद. महिनाअखेरीस आवृत्तीला 'जून अखेर' असं नाव दिलं की आकडे आयत्या वेळी भरल्याचा आरोप टिकत नाही. साहेबांचा शेरा तोंडी घेऊ नका, कमेंटमध्येच मागा. कमेंट मोबाइलवरूनही जमते. आवृत्तीचं नाव आणि सूत्रं मात्र संगणकावरच करा.

एक मोठा धोका: खासगी खात्यातल्या शीटमध्ये ग्राहकाचं नाव, ड्रॉइंग नंबर किंवा पार्टची किंमत नको. बढती राहिली बाजूला, मेमो यायचा. कंपनीत गूगल ड्राइव्ह बंद असेल तर हेच रकाने आणि हेच सूत्र सर्व्हरवरच्या एक्सेलमध्ये जसंच्या तसं चालतं.

आणि आकडे कितीही गाठले तरी ते आताच्याच पदाचे असतील तर इन्क्रिमेंट मिळेल, पद नाही. म्हणून किमान दोन ओळी पुढच्या खुर्चीच्या ठेवा: तीन ऑपरेटर दुसऱ्या मशीनवर तयार करणं, शिफ्ट इन्चार्ज रजेवर असताना शिफ्ट सांभाळणं. गूगल शीट्सला गुण पाचांपैकी साडेतीन. दीड कापला तो तयार मराठी साचा नाही म्हणून.