गाणे भरून न देणाऱ्या मोबाइल दुकानाचा रिव्ह्यू (लाखांदूर साइड)

भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरकडच्या आमच्या बाजारगावात एक मोबाइल दुकान आहे. तिथे रिचार्ज होते, टेम्पर्ड ग्लास लागते, चार्जर मिळते, पण मेमरी कार्डात गाणे भरून मिळत नाही. कोणीतरी त्याले एक स्टार देऊन ठेवला आहे, "गाणे टाकत नाही, टाइमपास दुकान" म्हणून. अरे बाप्पा, तेच तर त्याच्याकडे जायचं कारण आहे, म्हणून हे लिहून राहिलो. नाव लिहीत नाही, या साइडचे लोकं ओळखतीलच.

बाकी दुकानात काय होते ते सगळ्यांले माहीत आहे. कार्ड द्या, शंभर टेकवा, पोट्टं कॉम्प्युटरवर 'मराठी न्यू', 'डीजे', 'झाडीपट्टी' (म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकांचे गाणे), 'भीमगीत' अशा फोल्डरवर माऊस फिरवते आणि आपला चहा संपेपर्यंत कार्ड फुल्ल. १६ जीबीच्या कार्डात ४ एमबीचं एक गाणं धरलं तर चारेक हजार गाणे बसतात, चार मिनिटाचं एक म्हटलं तर अकरा दिवस रात्रंदिवस लावलं तरी संपत नाही, आणि आपण ऐकतो ते तेच पंधरा-वीस, बाकीचे नुसते जागा अडवून बसले राहतात.

या दुकानात काचेच्या कपाटात वेगळाच माल आहे. या भागातल्या नाटकात गाणारे, दंडारीचे (इकडच्या लोकनाट्याचे) मंडळ, खंजिरी भजनवाले, भीमगीतांच्या पार्ट्या, ज्यांनी स्वतःच्या खर्चानं रेकॉर्डिंग केलं त्यांचे गाणे, आणि तेही त्यांनी स्वतः आणून ठेवलेले. अख्खा संच दीडशेले, सुट्टं गाणं दहाले. पेनड्राइव्ह आपला नेला तरी चालते, नाही नेला तर त्याचे पैसे वेगळे. दीडशेतले शंभर गाणाऱ्याचे, पन्नास दुकानाचे. हे नुसतं तोंडी नाही, एक लांब वही आहे, त्यात तारीख, संच कोणता, किती विकला, आणि महिन्याच्या शेवटी पैसे नेणाऱ्याची सही. मी मागितली तर वही समोर सरकवली, लपवालपवी काही नाही. एका भजन मंडळाच्या पानावर तर सहीच्या जागी अंगठा होता.

घ्यायच्या आधी काउंटरवर हेडफोन लावून ऐकू देतात, आणि इथेच फरक समजते. गावात फिरणारी फाइल कोणीतरी यूट्यूबवरून उतरवलेली, मंग दाबून लहान केलेली, मंग अजून कोणीतरी दाबलेली असते. खंजिरी त्याच्यात पहिले मरते, तिच्या झांजेचा जो बारीक छनछनाट असते त्याची नुसती सर्र सर्र होऊन जाते, आणि ढोलकीची थाप पुठ्ठ्यावर मारल्यासारखी वाजते. इथली फाइल चांगल्या क्वालिटीची, ३२० केबीपीएसची, चार मिनिटाच्या गाण्याले साडेनऊ एमबीच्या आसपास जागा खाते, पण ट्रॅक्टरवर इंजिनचा आवाज असूनही पेटी न् तबला वेगवेगळा ऐकू येते. आणि मधातच कोणत्यातरी वेबसाइटचं नाव घेणारी बाई बोलत नाही, हे एक मोठं सुख आहे. भजन चालू असताना ती बाई आली का आमची म्हातारी विचारे, हे कोण मधातच बोलून राहिली.

मी होतो तवा एक बुजुर्ग माणूस कार्ड घेऊन आला. "भर रे बाबू याच्यात, त्या नाटकातलं गाणं, पोरगी वाटे लावतानीचं." दुकानदार म्हणे, "काका, कार्डात फुकट नाही भरत, ते पायजे तर दहा रुपये लागतील." काका तापले. "गाणं काय तुह्या बापाचं हाय का?" तर हा शांतपणे म्हणे, "माह्या बापाचं नाही ना काका, नदीपल्याडच्या पेटीवाल्याचं हाय. तुमच्या भाच्याच्या लग्नात त्यानंच पेटी वाजवली होती." काकानं दोन मिनिट इकडचं तिकडचं केलं, मंग वीस काढले आणि दोन गाणे घेतले. वरून एक रुपया कमी कर म्हणून घासाघीस केलीच, ते काही सुटत नाही आपल्या लोकांचं.

दंडारीवरूनही तिथे रोज भांडण होते म्हणे. दंडारीचं गाणं तर आज्या-पणज्याचं, त्याचे पैसे कायचे? मुद्दा अर्धा बरोबर आहे. जुन्या गाण्यावर कोणाची मालकी नाही, तुम्ही स्वतः गा, कोणी अडवत नाही. पण ते गाणं ज्यानं स्टुडिओचं भाडं भरून, सात-आठ जणांले गाडीत घालून नेऊन रेकॉर्ड केलं, त्या रेकॉर्डिंगचा हक्क त्याचा, आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं तो ६० वर्षं राहते. वरातीत गाणं वाजवायले कायद्यात सूट आहे, ती वाजवण्याची. कार्ड भरून विकण्याची नाही. जाणूनबुजून असा धंदा करणाऱ्याले त्याच कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड लिहिला आहे. आता आमच्या इकडे कोणाले पकडलेलं मी तरी पाहिलं नाही, म्हणून कायद्याची भीती दाखवून कोणी ऐकणार नाही, पेटीवाल्याचं नाव घेतलं तर ऐकते.

कारण इथले कलावंत काही लांबचे नाहीत ना. झाडीपट्टी नाटकाचा सीझन दिवाळीनंतर मंडईपासून, म्हणजे गावजत्रेपासून, लागते ते होळीपर्यंत. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडश्याले नाटक कंपन्यांचे ऑफिस, तिथून बुकिंग, मंग आज गडचिरोलीत, उद्या गोंदियाच्या कोणत्या गावात शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) रात्री, रात्रभर नाटक, उजाडता उजाडता पडदा, आणि दिवसा गाडीत झोप. होळी झाली का ऑर्गनवाला, तबलावाला, ऑक्टोपॅडवाला सगळे आपापल्या गावात, कोणी धानाच्या बांधीत, कोणी मजुरीले. उन्हाळ्या-पावसाळ्यात त्यांच्या हाती नाटकाचा पैसा नाही, तवा हे रेकॉर्डिंगचे शंभर-शंभर रुपयेच येतात. कोरोनात तर सीझनच बसला होता, २०२० मध्ये मंडई नाही, नाटक नाही, पण गावातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याच लोकांचे गाणे धडाधड फिरून राहिले होते. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांले २०२३ मध्ये पद्मश्री भेटली तवा आमच्या अख्ख्या गावानं स्टेटस ठेवलं, अभिमान झाडीपट्टीचा वगैरे. त्यातल्या अर्ध्या लोकांच्या कार्डात चोरलेलेच गाणे होते, हे मी कार्ड पाहून सांगून राहिलो.

दुकानदारानं संचाच्या कव्हरवर गायकाच्या स्वतःच्या यूट्यूब चॅनेलचा क्यूआर कोड चिकटवला आहे, ही गोष्ट मले जास्त आवडली. लोकं म्हणतात, मी तर यूट्यूबवरच पाहतो, चोरी कुठे झाली? पण नाटक चालू असताना मोबाइलवर शूट करून कोणीतरी आपल्या चॅनेलवर टाकते आणि व्ह्यू त्याले भेटतात, गाणाऱ्याले शून्य. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायले चॅनेलचे १००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४००० तास पाहणं लागते, खेड्यातल्या गायकाचं ते तिथेच अडकते, कारण त्याचे तास दुसऱ्याच्या खात्यात जमा झालेले असतात. म्हणून पाहायचंच असेल तर गायकाच्याच चॅनेलवर पाहा, तिथे पाहायले पैसे लागत नाही.

आता तक्रारी. पहिली फाइलच्या नावाची. ट्रॅक ०१, ट्रॅक ०२, अरे कोणाचं गाणं, कोण गायलं, कोणी लिहिलं काहीच नाही. एवढं कलावंतासाठी करून राहिले आणि गाण्यावर त्याचंच नाव नाही, हे काही पटलं नाही. सांगितलं तर म्हणे, करतो करतो. दुसरी, सगळी खिचडी. वगाच्या लावणीनंतर थेट भजन लागते, म्हातारी परत विचारते. तिसरी, माह्या ट्रॅक्टरच्या डेकनं पेनड्राइव्ह ओळखलाच नाही, जुन्या डेकले पेनड्राइव्ह एफएटी३२ फॉरमॅटचा लागते आणि त्यानं दुसऱ्याच फॉरमॅटमध्ये भरून देला होता. परत गेलो तर पाच मिनिटात करून देला, पैसे घेतले नाही, पण पेट्रोल तर माहंच गेलं ना. भरायच्या आधी सांगून द्या का कशात लावायचं आहे, टीव्ही, कार का ट्रॅक्टर.

नवीन हिंदी-मराठी सिनेमाचे गाणे तिथे नाहीत, मागू नका. त्याच्यासाठी तो म्हणते मोबाइलमध्ये अॅप टाका, फुकटवालं असो का महिन्याचं, रीतसर ऐका. टॉवरची रेंज पाहता आमच्या गावात ते पावसाळ्यात चालणं कठीणच आहे, पण त्याच्यात त्याची काय चूक.

चार स्टार. एक कापला तो नावांपायी, फाइलवर गायकाचं नाव लागलं का पाचवा देतो. बाजाराच्या दिवशी सकाळीच जा, दुपारून गर्दीत ऐकू देत नाही. धानाच्या रोवणीच्या दिवसात जाऊ नका, तो स्वतः बांधीत राहते आणि शटर बंद असते. फोनपे चालते, तरी सुट्टे पैसे खिशात ठेवा.