चोवीस पाउंडांची बाटली आणि माझी एमजीबी

माझी एमजीबी जीटी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, 1972 ची, 1798 सीसी. कॉव्हेंट्रीच्या थंडीतही पहिल्या स्टार्टला सुरू होते. पण गेले दोन महिने रोज सकाळी खालच्या पुठ्ठ्यावर तेलाचा पोळीएवढा डाग पडत होता. बेलहाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या घंटेसारख्या खोक्याच्या, तळाला भोक असतं, त्यात एक स्प्लिट पिन लोंबत असते. थेंब नेमका तिच्या टोकाला. इथल्या एका गॅरेजवाल्याने गाडी लिफ्टवर चढवली, थेंब बघितला आणि निकाल दिला: इंजिनाच्या मागच्या टोकाला तेल अडवणारं मेन ऑइल सील गेलंय, इंजिन उतरवावं लागेल, साडेनऊशे पाउंड.

कोल्हापूरला फोन लावला. बाबांनी जन्मभर विहिरीवरची इंजिनं खोलली आहेत. म्हणाले, "आधी धू की त्याला. सगळंच ओलं हाय, मग गळतंय कुठनं हे कळणार कसं?"

म्हणून हा यूव्ही डायचा संच मागवला; डाय म्हणजे तेलात मिसळायचा, अतिनील टॉर्चखाली चमकणारा रंग. छोटी बाटली, टॉर्च, पिवळा चष्मा. चोवीस पाउंड. एमजीबीच्या गिअरबॉक्सातही इंजिनाचंच 20डब्ल्यू-50 तेल असतं, त्यामुळे रंगावरून किंवा वासावरून थेंब कुठला ते सांगता येत नाही. डाय फक्त इंजिनात घातला. चमकला तर इंजिन, नाही चमकला तर गिअरबॉक्स.

डीग्रीझर आणि ब्रश घेऊन शनिवारची अख्खी दुपार इंजिन घासलं. मग डाय ओतून केनिलवर्थपर्यंत जाऊन आलो. गॅरेजचं दार लावलं, दिवा बंद केला, टॉर्च मारला. बेलहाउसिंग हिरवटपिवळं पेटलं. म्हणजे इंजिनच, आणि गॅरेजवाला बरोबर? पण ओघळ खालून वर बघत गेलो तर तो भोकातून येतच नव्हता. बाहेरून येत होता. इंजिनाच्या डाव्या अंगाने, मॅनिफोल्डच्या, म्हणजे हवा आणि धूर नेणाऱ्या नळ्यांच्या, खालून. सगळ्यात वरची ओली जागा म्हणजे मागच्या टॅपेट कव्हरची खालची कड. तिच्यावर सगळं कोरडं.

बाबांना सांगितलं तर ते वरचं, रॉकरचं झाकण समजले. आपल्याकडे त्यालाच टॅपेट कव्हर म्हणतात. इथे ही पत्र्याची दोन झाकणं ब्लॉकच्या कुशीत असतात, प्रत्येकाला मधोमध एकच बोल्ट. कुणीतरी तो जीव खाऊन आवळला होता. पत्रा मध्ये दबला, कडा उचलल्या आणि कॉर्कचं पॅकिंग तिथेच सुटलं. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड काढले, झाकण लाकडावर ठेवून हातोडीने हलकेच सरळ केलं, नवं पॅकिंग बसवलं आणि बोल्ट बेताने आवळला. पुढच्या कव्हरची ब्रीदरची नळीही काजळीने अर्धी बुजली होती, ती साफ केली. इंजिनाला श्वास घेता आला नाही तर ते मिळेल त्या फटीतून तेल ढकलतंच.

आता संचाबद्दल. डाय उत्तम. टॉर्च सुमार, दिवसा निरुपयोगी, आणि तासाभरात बॅटरी मान टाकते. चष्म्याची काडी पहिल्याच दिवशी हातात आली. सूचनापत्रात इंजिन आधी धुवा हे बारीक अक्षरात सहाव्या क्रमांकावर आहे, ते पहिलं हवं होतं. डाय सांडला तर फरशीवर आठवडाभर चमकतो.

पाचपैकी साडेतीन. पुठ्ठा अजून ठेवलाय. परवा त्यावर मोहरीएवढे दोन ठिपके होते, पण ते चमकले नाहीत. म्हणजे आता गिअरबॉक्सकडे बघायला हवं.