डनलॉपचे लेमन ऑइल: मुंबईच्या दमट हवेत किती उपयोगाचे?

धोबीतलावपासून वांद्र्यापर्यंतच्या वाद्यांच्या दुकानांत गिटारच्या तारा विकत घेताना सोबत आणखी एक गोष्ट हमखास सुचवली जाते, ती म्हणजे फ्रेटबोर्डाला, म्हणजे मानेवर तारांखाली असलेल्या लाकडी पट्टीला, लावायचे तेल. त्यातले सर्वांत परिचित नाव जिम डनलॉप कंपनीच्या ‘फॉर्म्युला 65 अल्टिमेट लेमन ऑइल’चे आहे. गेली काही वर्षे मी ते दोन गिटारांवर वापरत आहे. एक रोझवूडच्या फ्रेटबोर्डाची अकूस्टिक आहे आणि दुसरी इंडियन लॉरेलच्या फ्रेटबोर्डाची स्वस्तातली इलेक्ट्रिक. तेल चांगले आहे, परंतु ज्या कारणासाठी ते आपल्याला विकले जाते, त्या कारणासाठी मुंबईत त्याची फारशी गरज नाही, असे माझे मत झाले आहे.

नावात लिंबू असले तरी या प्रकारच्या तेलांत मुख्य घटक खनिज तेलाचा असतो आणि लिंबाचे काम बहुतांशी वासापुरते असते. हा दोष नव्हे, उलट गुणच आहे, कारण खनिज तेल खवट होत नाही आणि लाकडावर सुकून त्याचा कडक थर बसत नाही. ‘कोरड्या लाकडाला ओलावा मिळतो’ हा समज मात्र तपासून घ्यायला हवा. लाकूड आकसते ते त्यातील पाण्याचा अंश कमी झाल्याने, आणि तेल म्हणजे पाणी नव्हे. गिटारसाठी साधारण 45 ते 55 टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य मानली जाते. थंड देशांत हिवाळ्यात हीटर लावलेल्या खोल्यांमध्ये ती पुष्कळ खाली जाते, लाकूड आडवे आकसते आणि फ्रेटची (फ्रेटबोर्डावर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांची) टोके कडेने बोटाला टोचू लागतात. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता सरासरी 80 टक्क्यांच्या वर असते. दिवसरात्र एसी चालणारी खोली सोडली, तर इथला फ्रेटबोर्ड तहानलेला राहण्याची वेळ क्वचितच येते.

इथे खरा प्रश्न घामाचा आणि मळाचा आहे. मे महिन्यात तासभर वाजवले की बोटांचा घाम, त्वचेचे तेल आणि धूळ एकत्र होऊन फ्रेटच्या दोन्ही कडांना काळपट कीट साचते. पहिल्या तीन-चार फ्रेटच्या घरांत, जिथे आपण सर्वाधिक कॉर्ड धरतो, ती नखाने खरवडली तर निघते. या कामात डनलॉपचे तेल उत्तम ठरते. तारा काढून, सुती कापडावर दोन-चार थेंब घेऊन चोळले की कीट सैल होते, आणि जुन्या मऊ टूथब्रशने फ्रेटच्या कडेने हलका हात फिरवला की उरलेला मळही निघून येतो. कापड इतके काळे होते की पहिल्या वेळी लाकडाचाच रंग उतरत असल्याची शंका यावी. (काही स्वस्त गिटारांवर लाकूड रंगवलेले असते आणि तिथे ही शंका खरी ठरू शकते, म्हणून आधी शेवटच्या फ्रेटजवळ थोडे लावून पाहावे.)

दोन लाकडांवर परिणाम वेगवेगळा दिसला. रोझवूड मुळातच तेलकट असल्याने तेल वरच राहते आणि पुसल्यावर रंग किंचित गडद होतो, इतकेच. इंडियन लॉरेल म्हणजे आपल्या सह्याद्रीत सर्वत्र आढळणारा ऐन. 2017 मध्ये रोझवूडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आल्यानंतर स्वस्त गिटारांवर त्याचा वापर वाढला. माझ्या गिटारवरचे हे लाकूड फिके आणि मोठ्या छिद्रांचे आहे. त्यात तेल पाहता पाहता मुरते आणि राखाडी झाक जाऊन लाकडाचे रेषारेषांचे पोत उठून दिसते. बाटलीचे पैसे मला या दुसऱ्या गिटारवर वसूल झाले, असे म्हणायला हरकत नाही.

लावण्यापेक्षा पुसणे महत्त्वाचे आहे. दोन-तीन मिनिटांनी कोरड्या कापडाने सगळे तेल काढून टाकावे आणि थोडा वेळ थांबून मगच तारा चढवाव्यात. उपनगरातल्या एका दुरुस्तीवाल्याने माझ्या गिटारला सढळ हाताने तेल लावून ते तसेच सोडले होते. नव्या तारांचा खणखणीतपणा काही दिवसांतच गेला आणि पावसाळ्यात बोर्ड चिकट लागत राहिला. आपल्या हवेत वर्षातून एकदा, फार तर दोनदा, तेल पुरे. मेपलच्या फ्रेटबोर्डावर सहसा लॅकरचा (वॉर्निशसारखा) थर असतो, तिथे हे तेल लावूच नये; ओलसर कापडाने पुसून कोरडे करणे एवढेच पुरते.

स्वस्त पर्याय शोधणाऱ्यांसाठी थोडे. केमिस्टकडे मिळणारे लिक्विड पॅराफिन हे याच जातीचे तेल आहे. ते दाट असल्याने पुसायला वेळ लागतो आणि मळ तितका सहज सुटत नाही, पण स्वच्छ बोर्डावर हात फिरवायला ते चालते. घरातले शेंगदाण्याचे किंवा तिळाचे तेल मात्र लावू नये, ते खवट होते. नारळाचे तेल त्या मानाने टिकते, परंतु पारा 24 अंशांच्या खाली गेला की ते थिजते, म्हणजे जानेवारीतल्या पहाटे फ्रेटच्या कडेला पांढरा साका. सुतार आणि रंगारी वापरतात ते उकळलेले जवसाचे तेल सुकून कडक होते, शिवाय त्यात भिजलेली चिंधी गोळा करून ठेवली तर आपोआप पेट घेऊ शकते. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

डनलॉपची 118 मिलिलिटरची बाटली एका गिटारला अनेक वर्षे पुरते. एकच गिटार असेल तर एक औंसाची लहान बाटली घ्यावी, किंवा वाजवणाऱ्या मित्रांनी मिळून मोठी घ्यावी. एबनी किंवा रोझवूडची नवी, स्वच्छ गिटार नुकतीच घरी आली असेल, तर पहिले वर्षभर तीही न घेतलेली बरी. त्या पैशांत तारांचा एक संच आणि केसमध्ये ठेवायला सिलिका जेलच्या पुड्या घ्याव्यात.