एसक्यूएलअल्केमी २.० – फक्त टाइप मॅपिंगपुरता रिव्ह्यू

एसक्यूएलअल्केमी ही पायथनचा कोड डेटाबेसच्या टेबलांशी जोडणारी लायब्ररी. पायथनमधला टाइप (आकडा, तारीख, मजकूर असा माहितीचा प्रकार) तिच्यातून डेटाबेसच्या कॉलममध्ये जाऊन नक्की काय होतो, एवढ्याच गोष्टीवर लिहितोय, कारण हिशोबाचं सॉफ्टवेअर करणाऱ्याचं सगळं घोडं तिथेच अडतं. आम्ही नाशकात कॉलेज रोडला बसून लासलगाव, पिंपळगावच्या कांदा व्यापाऱ्यांसाठी काम करतो, म्हणजे काटापट्टी, क्विंटलचा भाव, हमाली, तोलाई, शेतकऱ्याचं पेमेंट असं सगळं. डेटाबेस म्हणून काहींकडे खाली पोस्टग्रेस आहे, जुन्या गिऱ्हाइकांकडे मायएसक्यूएल, आणि दोन्हीच्या वर एकच पायथन कोड एसक्यूएलअल्केमीवर चालतो.

माइक बायरची ही लायब्ररी २००६ पासून आहे, फुकट आहे, आणि जानेवारी २०२३ मध्ये २.० आलं तेव्हापासून टाइप हिंट (कोडमध्ये नावापुढे लिहिलेला टाइप) वाचून ती स्वतःच कॉलम ठरवते. मॉडेलमध्ये, म्हणजे टेबलाचं वर्णन करणाऱ्या क्लासमध्ये, मॅप्डच्या कंसात इंट लिहिलं की इंटिजर, डेट लिहिलं की डेट, बूल लिहिलं की बूलियन. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे नुसतं स्ट्रिंग लिहिलं तर कॉलम नॉट नल होतो, ऑप्शनल लिहिलं तरच रिकामा चालतो, त्यामुळे शेतकऱ्याचं गाव पाहिजेच पण मोबाइल नसला तरी चालेल हे मॉडेल वाचतानाच कळतं, वेगळं कुठे लिहून ठेवावं लागत नाही.

आता पैसे. इथे मात्र डोळे उघडे ठेवायला लागतात. डेसिमल लिहिलं की न्यूमेरिक कॉलम होतो, छान, पण त्याची लांबी तुम्ही दिली नाही तर लायब्ररी पण देत नाही, नुसतं न्यूमेरिक लिहून मोकळी होते. पोस्टग्रेस त्याचा अर्थ घेतं की वाटेल तेवढे अंक ठेवा, आणि मायएसक्यूएल अर्थ घेतं १० अंक, दशांश शून्य! म्हणजे १५४०.५० रुपये भाव टाकला की १५४१ होऊन बसतो आणि एरर येत नाही, मागे कुठेतरी एक नोट पडते जी कोणी बघत नाही. फ्लोट (दशांश आकडा अंदाजे साठवणारा टाइप) लिहिणाऱ्यांचं तर विचारूच नका, पोस्टग्रेसमध्ये ते डबल प्रिसिजन होतं पण मायएसक्यूएलमध्ये चार बाइटचा फ्लोट होतो, त्यात साधारण सात अंकच धड राहतात, म्हणजे बारा लाखांची पट्टी (बिल) झाली की रुपयांपुढचे पैसे गेले. फ्लोटमध्ये रुपये ठेवूच नयेत हे माझं ठाम मत आहे, कितीही छोटं अ‍ॅप असो.

गंमत बघा, स्ट्रिंगच्या बाबतीत हीच लायब्ररी अगदी कडक आहे. लांबी न देता स्ट्रिंग लिहिलं तर मायएसक्यूएलसाठी टेबल बनवतानाच ती अडवते, तिथल्या व्हारकॅर या मजकुराच्या कॉलमला लांबी लागते म्हणून. हे मला पटतं. पण मग न्यूमेरिकला पण असंच अडवायला पाहिजे होतं ना, तिथे तर खरे पैसे आहेत.

यावरचा उपाय मात्र त्यांनीच दिलाय आणि तो इतका चांगला आहे की त्यासाठीच मी ही लायब्ररी सोडत नाही. बेस क्लासमध्ये टाइप अ‍ॅनोटेशन मॅप म्हणून एक डिक्शनरी देता येते, त्यात एकदा सांगायचं की डेसिमल म्हणजे न्यूमेरिक १२,२ (एकूण बारा अंक, त्यातले दोन दशांश). त्याच्या पुढे जाऊन अ‍ॅनोटेटेड (टाइपला जोड-माहिती चिकटवायची पायथनची सोय) वापरून आपल्या धंद्याचे टाइप बनवायचे, रुपये वेगळा, क्विंटल वेगळा, क्विंटलला दोन दशांश पुरतात कारण शंभर किलोचा एक. मग मॉडेलमध्ये वजन समोर क्विंटल आणि भाव समोर रुपये लिहिलेलं असतं, नवीन आलेल्या पोराला पण वाचता येतं. बँक खाते नंबर, मोबाइल, गट नंबर हे सगळे मी स्ट्रिंगच ठेवतो, खात्याच्या पुढची शून्यं इंटिजरमध्ये उडतात, दहा अंकी मोबाइल साध्या इंटिजरमध्ये मावतच नाही कारण तो २१४७४८३६४७ ला संपतो, आणि गट नंबर ११२/२/अ असा असतो त्याला आकडा कसं म्हणणार.

तारीख-वेळ अजून एक. डेटटाइम लिहिलं की डीफॉल्टला टाइमझोनशिवायचा कॉलम मिळतो. सर्व्हर यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) असला तर पहाटे चारला गेटवर झालेली गाडीची नोंद आदल्या दिवशीच्या रात्री साडेदहाची दिसते आणि दिवसाची आवक चुकते. पोस्टग्रेसमध्ये मॅपमध्येच टाइमझोन ट्रू केलं की काम होतं, मायएसक्यूएलवर त्याचा काही उपयोग नाही, तिथे टाइप डेकोरेटर (डेटाबेसमध्ये जाता-येता किंमत बदलणारा आपला टाइप) लिहून जाताना यूटीसी करायचं आणि येताना परत झोन लावायचा.

इनम (ठरावीक पर्यायांची यादी) जपून. लाल, उन्हाळ, गोल्टी अशा कांद्याच्या प्रकारांचा इनम केला की डेटाबेसमध्ये त्याची व्हॅल्यू नाही तर पायथनमधलं नाव जातं, आणि पोस्टग्रेसमध्ये त्याचा खरा इनम टाइप तयार होतो. उद्या व्यापारी म्हणाला खाद पण वेगळी दाखवा, तर अलेम्बिक या टेबलांतले बदल डेटाबेसपर्यंत नेणाऱ्या जोडीच्या टूलचं ऑटोजनरेट हा बदल पकडत नाही, मायग्रेशन (बदलाची स्क्रिप्ट) हाताने लिहायचं. म्हणून मी नेटिव्ह इनम फॉल्स करून (म्हणजे साधा मजकुराचा कॉलम होतो) वर लांबी सढळ देतो.

ज्यांच्याकडे एकच डेटाबेस आहे, तोही पोस्टग्रेस, त्यांनी डोळे झाकून घ्यावी. दोन डेटाबेस असतील तरी घ्या, पण क्रिएट टेबलचं वाक्य दोन्ही डायलेक्टमध्ये (त्या त्या डेटाबेसच्या एसक्यूएल बोलीत) कंपाइल करून प्रिंट करा, त्यासाठी डेटाबेसला कनेक्ट पण करायला लागत नाही, आणि पैशाच्या प्रत्येक कॉलमपुढे कंसात दोन आकडे दिसतायत का ते बघा.