टीपी-लिंक ईएपी २२५: अडत दुकानाला आणि गोदामाला पुरतो का?

पुढे पेढी, मागे गोदाम, माळ्यावर दिवाणजी. सांगलीच्या मार्केट यार्डात अशी मांडणी जागोजागी दिसते. इंटरनेटवाल्याने लावून दिलेला राउटर दाराजवळ लटकलेला असतो आणि त्याची रेंज हळदीच्या थप्प्यांपाशी संपते. अशा वेळी रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारी पेटी, घ्यायचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. स्वस्तातला रिपीटर ऐकायला आणि बोलायला एकच रेडिओ वापरतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. इथे राउटरला तारेने जोडून आपलं वाय-फाय सोडणारा ॲक्सेस पॉइंटच हवा, आणि या कामाला टीपी-लिंकच्या ओमाडा मालिकेतला ईएपी २२५ आमच्या मते पुरेपूर पैसे वसूल करून देतो.

हा वाय-फाय ५ या पिढीचा आहे. कागदावरचा वेग २.४ गिगाहर्ट्झवर ४५० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७ एमबीपीएस. प्रत्यक्षात हातात याच्या निम्मा आला तरी बिलिंग, टॅली आणि व्हॉट्सॲपला तो उदंड झाला. छताला बसतो, आणि वीज नेटवर्कच्याच केबलमधून घेतो (याला पीओई म्हणतात). त्यासाठी खोक्यात केबलमध्ये वीज सोडणारा २४ व्होल्टचा पॅसिव्ह इंजेक्टर मिळतो. त्याच्या पीओई लिहिलेल्या तोंडात लॅपटॉप किंवा प्रिंटरची केबल चुकूनही घालू नका. पलीकडे कोण आहे हे न बघता तो वीज सोडतो, पोर्ट जळू शकतो.

दोन-तीन पॉइंट लावायचे असतील तर इंजेक्टर बाजूला ठेवा आणि ८०२.३एएफ या मानकाचा पीओई स्विच, म्हणजे अनेक केबलना नेट आणि वीज दोन्ही देणारी पेटी, घ्या. मात्र कॅमेऱ्यांसाठी विकले जाणारे बरेच स्वस्त पीओई स्विच १०० एमबीपीएसचेच असतात, तेव्हा खोक्यावर गिगाबिट (१००० एमबीपीएस) लिहिलंय ना, हे आधी वाचा. त्याहून मोठी फसगत केबलमध्ये होते. कॅट ६ छापलेल्या कित्येक बंडलांत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. लांब अंतरावर त्यात व्होल्टेज पडतं आणि पॉइंट अधूनमधून आपोआप रीस्टार्ट होतो. दोष मात्र इंटरनेटवाल्याच्या माथी जातो. तारेचं टोक ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरं निघालं तर बंडल परत करा. केबलमधल्या आठही तारा प्लगमध्ये क्रिंप करून (दाबून पक्क्या) घ्या. चारच जोडल्या तर नेट चालतं, पण १०० एमबीपीएसच्या वर जात नाही. एका तुकड्याची लांबी १०० मीटरच्या आत ठेवा.

जागा निवडताना उन्हाळा धरून चाला. कंपनीने या मॉडेलला शून्य ते ४० अंशांची मर्यादा दिली आहे. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालची हवा त्याच्या पुढे जाते, म्हणून पत्र्याला न टेकवता खाली भिंतीवर, थप्पीच्या वर राहील अशा उंचीला लावा. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तर हा नकोच. तिथल्या पफ (फोम भरलेल्या) पॅनेलला दोन्ही बाजूंनी पत्रा असतो, बाहेरचा सिग्नल आत शिरतच नाही, आणि आतला दमट गारवा या मॉडेलला मानवत नाही. त्या खोलीसाठी याचंच आउटडोअर रूप घ्या.

सेटिंगमध्ये चॅनल ऑटोवर सोडू नका. २.४ वर रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा आणि शेजारच्या पॉइंटना १, ६, ११ असे वेगळे चॅनल द्या. २.४ ची पॉवर कमी करा, म्हणजे गोदामात गेलेला मोबाइल पेढीवरच्या पॉइंटला चिकटून बसणार नाही. बिलाचे बरेच थर्मल प्रिंटर फक्त २.४ वर जोडले जातात, त्यामुळे तो बँड बंद करायचा नाही. शेतकरी आणि व्यापाऱ्यांसाठी वेगळं नाव काढा आणि त्यावर गेस्ट नेटवर्कची खूण करा. तेवढ्याने पाहुण्याला प्रिंटर किंवा टॅलीच्या संगणकापर्यंत पोहोचता येत नाही. वेगाची मर्यादाही तिथेच घाला.

सगळे पॉइंट एका जागेवरून सांभाळणारं ओमाडा कंट्रोलरचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पण ते दिवाणजींच्या संगणकावर टाकलं तर संगणक बंद होताच व्हाउचरचं, म्हणजे पाहुण्याने कोड टाकून नेट घ्यायचं, पानही बंद पडतं. बाकीचं वाय-फाय चालू राहतं. व्हाउचर हवेच असतील तर कंट्रोलर आतच असलेली ओसी २०० ही छोटी पेटी घ्या.

विजेचं म्हणाल तर राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस पीओई स्विचला चालत नाही, त्याला साधा संगणकाचा यूपीएस लागतो. गणपती पेठ, मारुती रोड या भागात दुकान असेल तर स्विच आणि यूपीएस माळ्यावरच बसवा. २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं, ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

विश्रामबागेतल्या तीस-चाळीस लॅपटॉपच्या ऑफिसला मात्र हा घेऊ नका. तिथे वाय-फाय ६ चा ईएपी ६१० बरा, फक्त त्याला जास्त वीज देणारा ८०२.३एटीचा स्विच लागतो, एएफवर भागत नाही.